हा कोणाचा?

बिल बडीशेपेच्या प्लेटीत आलं. स्टीलची छोटी प्लेट, एका बाजूला बडीशेप, दुसऱ्या बाजूला खडीसाखर, चार दातकोरण्या आणि या सगळ्याखाली दुमडलेला गुलाबी कागद. पोऱ्यानं ती टेबलाच्या बरोब्बर मधोमध ठेवली, म्हणजे कोणाच्याच पुढ्यात नाही, आणि फडकं खांद्यावर टाकून तीन पावलं मागं उभा राहिला. आम्ही चौदा जण. बोलणं थांबलं नाही, उलट आवाज चढला. कोणाला एकाएकी भूमितीचे सर आठवले, कोणी हात धुवायला उठला. एक जण तर बडीशेप अशी चिमटीत धरत होता की बोट चुकूनही कागदाला लागू नये.

ढाबा नागपूर-तुळजापूर रस्त्यावरचा, यवतमाळ सोडून आर्णीकडे जाताना लागतो. आमची १९९६ची दहावीची बॅच. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, नंबर शोधशोधून जोडले, आणि वर्षातून एकदा भेटायचं ठरलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवतो. त्यामुळं प्लेट शेवटी माझ्याकडंच सरकते. ‘मास्तर, पाह्य बरं किती आले!’ फळ्यावर केले त्याच्या निम्मे भागाकार तरी मी हॉटेलात केले असतील.

८,८०० रुपये, त्याच्याखाली हातानं लिहिलेला ५ टक्के टॅक्स ४४०, एकूण ९,२४०. भागिले चौदा, ६६०. बाकी शून्य. मास्तराच्या डोळ्यांना याहून सुंदर भागाकार नाही. मी ‘सहाशे साठ माणशी’ म्हणून मोठ्यानं सांगितलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुण्याहून आलेल्या मित्रानं गल्ल्यावरच्या चौकोनावर फोन धरला, टिंग वाजलं, बिल मिटलं. ‘लिस्ट तू टाक मास्तर, मला पाठवतील सगळे.’

आता कोणी काय खाल्लं ते पाहा. पुणेकरानं पोचल्या पोचल्या चिकन हंडी सांगितली, दोन. वर्धेहून आलेला आमचा एक गडी आहे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळं नदीवरचा पूल ओलांडून कळंबच्या बाजूला आला की त्याचा चेहराच बदलतो. तो आणि आणखी तिघं अर्धा तास शेजारच्या परमिट रूममध्ये बसून आले. दारूचं बिल त्यांनी त्यांचं भरलं, त्यात खोट नाही. दारू वेगळी, हा नियम आमच्याकडं सगळे पाळतात. पण चखणा? मसाला पापड, चिकन चिली, उकडलेली अंडी हे सगळं आमच्या टेबलाच्या नावावर लिहिलं गेलं होतं. सातबाऱ्यावर विहीर सामाईक असते आणि पाणी मात्र ज्याची मोटर मोठी त्याच्याच वावरात जातं, तसला हा सामाईक चखणा.

आणि टेबलाच्या टोकाला आमचा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, साडेतीन एकर कोरडवाहूच म्हणायची, विहिरीला पाणी असलं तर रब्बीला थोडं हरभऱ्याचं. त्यानं शेवभाजी घेतली, दोन भाकरी घेतल्या. १८० रुपयांचं जेवण. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. बिल माझ्याच हातात होतं.

एक गोष्ट त्याआधी झाली. पुणेकर म्हणाला, ‘पोरींचं नको घेऊ यार, अकरातच वाट.’ पोरी म्हणजे तीन जणी, तिघींच्याही डोक्यात पांढरे केस आलेले. त्यातली एक अंगणवाडी सेविका आहे. ती पदर खोचत म्हणाली, ‘काहून? आमी काय पाव्हण्या हावो का? आमचं नाव धर.’ सगळे हसले. मी मनातल्या मनात हिशेब केला, अकरात वाटलं तर माणशी ८४०. म्हणजे तिघींना सोडायचा मोठेपणा बाकीच्या अकरांना १८० रुपयांना पडला असता. माळकऱ्याला त्याच्या जेवणाएवढंच आणखी एक जेवण. ‘नको घेऊ’ म्हणणं असं दुसऱ्याच्या खिशातून असतं, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही नसतं.

माळकऱ्यानं बंडीच्या आतल्या खिशातून पाचशेची नोट काढली. चार घड्या घातलेली. ती उलगडून माझ्यापुढं ठेवली. ‘माह्याजवळ पाचशेच हायेत. बाकीचे देतो मंग.’ मी म्हणालो, ‘हो रे, कायची घाई हाये.’ आणि पुढच्याचे मोजायला लागलो.

त्या ४४० रुपयांबद्दल एक सांगून टाकतो. बिलावर जीएसटीचा नंबर नव्हता. हॉटेलातल्या जेवणावर ५ टक्के जीएसटी आहे, नोव्हेंबर २०१७ पासून, ते खरं. पण नोंदणीच नसेल तर तो गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, आणि छोट्या हॉटेलवाल्यानं कंपोझिशन योजना घेतली असेल तर त्याला ते ५ टक्के स्वतःच्या गल्ल्यातून भरावे लागतात, बिलात वेगळे लावता येत नाहीत. हे मला माहीत होतं. मी विचारलं नाही. का? कारण चौदांत ४४० म्हणजे माणशी एकतीस रुपये आणि वरचे काही पैसे. एकतीस रुपयांसाठी बॅचमेटांसमोर कोण तोंड वाईट करतो? समान वाटणीची गंमत हीच आहे. चूक चौदा ठिकाणी विरघळते आणि कोणाच्याच जिभेला खारट लागत नाही.

यावर लोकांनी प्रयोगही केले आहेत. उरी ग्नीझी या अर्थशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इस्रायलच्या हैफा शहरात सहा-सहा अनोळखी माणसांना एकत्र जेवायला बसवलं होतं. त्यांचा लेख २००४ साली छापून आला. ज्यांना आपापलं बिल भरायचं होतं ते सरासरी ३७ शेकेलचं जेवले. ज्यांचं बिल सहांत सारखं वाटलं जाणार होतं ते ५१चं जेवले. ज्यांना फुकट होतं ते ८२चं. म्हणजे वाटणी समान आहे हे आधी कळलं की माणूस हात मोकळा सोडतो. पुणेकराच्या दोन हंड्या इथं नीट बसतात. माळकरी बसत नाही. वाटणी समान होणार हे त्यालाही ठाऊक होतं, तरी त्यानं शेवभाजीच घेतली. ओळखीच्यांच्या पंगतीत ज्याचा हात आखडता असतो तो आखडताच राहतो. भरतो मात्र इतरांएवढं.

तसं पाहिलं तर आमच्याकडं रोजच्या खाण्यापिण्यात वाटणी नसतेच, पाळी असते. ‘चाल, चहा घेऊ’ असं जो म्हणतो तो पैसे देतो. उद्या दुसरा म्हणेल. दोन चहा तिघांत घेतले तरी पैसे एकच जण देणार. खऱ्ऱ्याचं, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूचं, तर विचारूच नका. पन्नी मांडीवर धरून एकानं घोटायचा, उघडून पुढं करायचा, आणि तीन-चार हात त्यात चिमूट घालणार. ज्यानं विकत आणला त्याच्या वाट्याला शेवटी तळाची सुपारी राहते. खऱ्ऱ्याची कॉन्ट्री काढलेली मी अजून पाहिली नाही. नवीन बैलजोडी घेतली, पोरगी नर्सिंगला लागली, मोटरसायकल आणली, की ‘पार्टी दे’. जो देतो तो एकटा देतो. हिशेब कोणी ठेवत नाही असं म्हणतात. सगळे ठेवतात. गेल्या पोळ्याला कोणी आलुबोंडे चारले होते आणि कोण सलग तीन वेळा फक्त खायला आला होता, हे टपरीवरच्या कोणालाही विचारा, तारखेसकट सांगेल. फक्त तो हिशेब लांब पल्ल्याचा असतो. कापूस घरात आला की फिटतो.

चौदा जणांत वर्षाकाठी एकदा भेटणाऱ्यांत पाळी चालत नाही. पाळी पुन्हा यायला चौदा वर्षं लागतील.

मला वाटणी पहिल्यांदा शिकवली ती शाळेनं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या वस्तीत बोकड हिश्श्यावर कापत. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात दोघं जण घरोघर विचारत फिरायचे, ‘हिस्सा ठेवाचा का?’ कोणी एक म्हणे, कोणी दोन. माझे बाबा ओसरीत सुतळी वळत बसलेले असत, मान वर न करता म्हणायचे, ‘माहा अर्धाच ठेवजो.’ विचारणारा ‘बरं’ म्हणून पुढच्या दारात. अर्धा का, हे कोणी विचारत नव्हतं. घरात खाणारी तोंडं कमी असतील, कोणाचा उपास असेल, चुकारा निघाला नसेल. फेडरेशनला कापूस घालून पैशाची वाट पाहणारे निम्मे गाव असायचे, त्यामुळं अर्धा म्हणण्यात काही नवल नव्हतं. गिनती झाली की मगच बोकड ठरायचा, किती किलोचा आणायचा ते.

करीच्या सकाळी कडुलिंबाखाली पळसाची पानं अंथरायची. ओली, एकावर एक दुमडून. त्यावर वाटे घालायचे काम एकाच म्हाताऱ्याकडं होतं. तराजू नव्हता. प्रत्येक पानावर आधी हाडाचे तुकडे, मग मांसाचे, मग काळजाची एक एक चकती, मग चरबीचा गोळा, शेवटी वजडी. सगळ्या पानांवर सगळं. एकदा घालून झालं की तो उकिडवा बसून डोळे बारीक करी, आणि इकडची नळी उचलून तिकडं ठेवी. पुन्हा मागं सरकून पाही. पुन्हा एक चकती उचली. लोक बोलायचे, ‘बुढ्या, त्या तिसऱ्यात चरबी जास्त झाली.’ तो काढायचा. पाच-सात वेळा असं होऊन कोणीच काही बोलेना झालं, म्हणजे वाटे बरोबर. अर्ध्यांची ओळ वेगळी, तीन-चार पानांची.

मग एक पोरगं लागे. मी पुष्कळ वर्षं ते पोरगं होतो. वाट्यांकडं पाठ करून मला लिंबाच्या बुंध्याकडं तोंड करून उभं करायचे. मुंग्या वर जाताना दिसायच्या. मागून म्हातारा एका पानाला काठी लावायचा आणि विचारायचा, ‘हा कोणाचा?’ मी एक नाव घ्यायचो. ज्याचं नाव तो ते पान उचलायचा. पुन्हा काठी, पुन्हा ‘हा कोणाचा?’ पुढं एक वर्ष मला कान लावून कळायला लागलं की काठी कुठल्या ओळीत टेकली. अर्ध्यांच्या ओळीतल्या मोठ्या दिसणाऱ्या पानाला बाबांचं नाव घ्यायचं मी ठरवून ठेवलं होतं. मान जरा वळवली. म्हाताऱ्यानं काठी कानावर दिली. नंतर त्या वर्षी दुसरं पोरगं उभं केलं, आणि बाबांच्या पानावर जे आलं ते आलं.

त्या लिंबाखाली सगळं गाव नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. दर वस्तीचा बोकड वेगळा होता, लिंब वेगळा होता, आणि एका वस्तीतलं पान दुसऱ्या वस्तीत जात नव्हतं. तेव्हाची वाटणी फार न्यायाची होती असं म्हणायला मी बसलो नाही. पण एक गोष्ट तिथं होती आणि ढाब्यावर नव्हती. तिथं मोजणी आधी, खाणं नंतर. माणूस आपल्या ओसरीत बसून, दाराशी एकटा उभा असलेल्या माणसाला ‘अर्धा’ म्हणू शकत होता. ढाब्यावर खाणं आधी होतं, मोजणी नंतर, आणि तीही तेरा जण बघत असताना. तिथं ‘मी शेवभाजीच खाल्ली’ हे वाक्य तोंडातून काढायला जो दम लागतो तो १८० रुपयांचं जेवणाऱ्या माणसाजवळ नसतो. तो दम हंडी मागवणाऱ्याजवळ असतो, पण त्याला ते वाक्य बोलायचं नसतं.

आता माझी चूक. त्या रात्री घरी जाऊन मी ग्रुपवर लिस्ट टाकली. चौदा नावं, ज्यांचे पूर्ण आले त्यांच्यापुढं हिरवी खूण. दुसऱ्या दिवशी बारा खुणा झाल्या. तिसऱ्या दिवशी तेरा. पुणेकर रोज सकाळी लिहायचा, ‘कोणाचे राहिले असतील तर कृपया.’ कोणाचे म्हणजे काय, लिस्टीत एकच नाव कोरं होतं. १६० रुपयांसाठी. मी पाचशे आल्याचं तरी लिहायला हवं होतं. पण खूण अर्धी नसते. माझ्या फोनात अर्ध्यांची ओळ नव्हती. १६० मी स्वतः टाकून खूण करावी असंही मनात आलं, पण उद्या त्याला कळलं तर, म्हणून राहून गेलं. नऊ दिवस.

नवव्या दिवशी, आर्णीच्या बाजारच्या दिवशी, माळकरी शाळेच्या फाटकाशी आला. मधली सुट्टी होती. पायात चिखल, कॅरिअरला फवारणीचा पंप बांधलेला. त्यानं शंभराची नोट, पन्नासची नोट आणि दहाचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. ‘मोजून घेजो.’

‘लेका, फोनवर टाकायचे ना. इथवर कायले आला?’

‘फोन पोरीजवळ असते. तिच्या अभ्यासाचा हाये तो.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘ग्रुप बी तेच वाचते. मले विचारे, बाबा, तुमच्या नावापुढं खूण काहून नाई?’

त्याच्या आवाजात राग नव्हता. घंटा झाली आणि पोरं वर्गाकडं पळायला लागली.

पुढच्या वर्षी मी शहाणपणा केला. भेट ठरायच्या आधी त्याला फोन केला आणि म्हणालो, ‘तू फक्त ये. पैशाचं नको पाहू, ते आमी पाहून घेतो.’ तो म्हणाला, ‘पाहतो.’ आला नाही. ग्रुपवर पोरीनं लिहिलं, बाबांना हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, या आठवड्यात लाईन रात्रीची आहे. लाईन रात्रीची होती हे खरंच असेल, आमच्याकडं अर्धं ओलीत रात्रीच होतं. पण भेट दुपारची होती.

अंगणवाडीवालीला मी हे सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, बिचारा. ती माझ्याकडं पाहतच राहिली. ‘तू त्याले फुकट बोलावलं? कोन येईन मंग?’ आणि मला तो ‘आमी काय पाव्हण्या हावो का’ आठवला. ढाब्यावर सगळे ज्याला हसले होते. मीही हसलो होतो. मला इतके दिवस वाटत होतं की त्याला ६६० जड गेले. जड तेही गेले असतील. पण तो मोजला जायला तयार होता. मी त्याला आधी चुकीचा मोजला, आणि मग मोजायचाच सोडून दिला. यातलं दुसरं जास्त लागलं.

तिसऱ्या वर्षी आम्ही ढाबा सोडला. कणकेचे रोडगे भाजायचं ठरवलं, अरुणावती नदीच्या काठच्या एका मित्राच्या वावरात. मी ग्रुपवर काहीच टाकलं नाही, एकेकाला फोन केले, तेराच्या तेरा. कोण काय आणणार? जाडी कणीक कोणाकडं, तुरीची डाळ कोणाकडं, गोवऱ्या कोणाकडं, तूप कोणाकडं. ज्याला आणता येत नाही त्यानं पैसे द्यायचे, आणलेल्या वस्तूची किंमत हिशेबात धरायची. पुणेकर म्हणाला, ‘पर हेड किती ते सांग ना सरळ.’ वर्धेवाला म्हणाला, ‘चखणा?’ त्याला म्हटलं, तुझा तू आण.

माळकऱ्याला फोन केला तेव्हा पोरीनं उचलला आणि ‘बाबा, मास्तर’ म्हणून दिला.

‘वांगे आणतो,’ तो म्हणाला. ‘चार किलो. बाजारात दहानं चालू हाये. चाळीस लावजो माह्या नावानं.’

‘हाव.’

‘आनि मले भाजीत लसून नाई चालत. एक गंज वेगळा ठेवजा.’

तीस वर्षांच्या ओळखीत त्यानं आमच्याकडं पहिल्यांदा काही मागितलं असेल.

गोवऱ्यांच्या आरात रोडगे टाकायचे, वरून राख लोटायची, आणि मग फडक्यानं राख झटकत एकेक बाहेर काढायचा, हे काम त्यानंच केलं. पुणेकराची बोटं भाजली. रोडगा फोडून तूप ओतताना कोणी हात आखडता घेतला नाही, तूप पुणेकराचं होतं. बिनलसणाच्या पातेल्यातली भाजी आधी संपली, कारण निम्म्यांनी तीच घेतली.

संध्याकाळी बांधावर बसून मी वही काढली. एकूण १,५४०, माणशी ११०. माळकऱ्याच्या नावापुढं वांगी ४० वजा, देणे ७०. मी मोठ्यानं वाचलं. त्यानं आतल्या खिशातून शंभराची नोट काढून माझ्या हातात दिली आणि हात तसाच पुढं धरला, तीस रुपये परत घ्यायला.

माझ्याजवळ सुट्टे नव्हते. तो म्हणाला, ‘थांबतो.’